लॅपटॉपचा पासवर्ड विसरलाय, रिसेट मारू का? नेहमी येणारे प्रश्न

आमचं सोलापुरात लॅपटॉप रिपेअरचं काम आहे, त्यामुळं व्हॉट्सॲपवर दिवसभर हेच येतं. कॉलेज ॲडमिशनच्या टायमाला आणि मार्च एंडिंगला तर विचारू नका. प्रत्येकाला वेगवेगळं टाइप करण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवतोय. प्रश्न लोकांच्याच भाषेत ठेवलेत. उत्तरं विंडोज १० आणि ११ धरून आहेत, मॅक, क्रोमबुक आणि जुनं विंडोज ७ खाली वेगळं आहे.

१. पासवर्ड आठवत नाही ओ, डायरेक्ट रिसेट मारला तर चालतंय का?

चालतंय, पण थांबा जरा. रिसेट म्हणजे लॅपटॉप दुकानातून आणला तसा कोरा होणार, फोटो, प्रोजेक्ट, बिलं सगळं जाणार. आमच्याकडं 'फॉरमॅट मारून द्या' म्हणून जे लॅपटॉप येतात त्यातले बरेचसे काहीच न पुसता उघडतात, कारण पासवर्ड बदलायचा साधा रस्ता असतो पण कुणी बघितलेलाच नसतो. म्हणून आधी प्रश्न २ ते ५ करून बघा, नाहीच झालं तर ६ वर या. आणि ६ वर यायच्या आधी १० नक्की वाचा, ते न वाचता रिसेट मारणारेच जास्त अडकतात.

२. पासवर्ड शंभर टक्के बरोबर टाकतोय तरी चुकीचा दाखवतंय, असं कसं काय?

बऱ्याच वेळा तुमचंच बरोबर असतं. मराठी टायपिंगसाठी कीबोर्ड ॲड केलेला असला तर लॉगिन स्क्रीनवर खाली उजव्या कोपऱ्यात भाषा दिसते, तिथं इंग्लिशच्या जागी मराठी आलेली असते आणि आपण टिंबं टिंबं बघून टाइप करत बसतो. विंडोज बटण दाबून धरून स्पेस मारा, भाषा बदलते. मग पासवर्ड टाकून शेजारच्या डोळ्याच्या चिन्हावर क्लिक करा, नेमकं काय टाइप झालंय ते दिसतं. कॅप्स लॉक बघा. उजवीकडचे आकडे वापरत असाल तर नम लॉक बघा.

अजून एक. तुम्ही मोबाइलवरून मायक्रोसॉफ्टचा पासवर्ड बदललाय पण लॅपटॉपला नेट नाही, तर लॅपटॉप अजून जुनाच पासवर्ड मागत असतो, त्याला नवा माहीतच नाही. लॉगिन स्क्रीनवरच वायफायचं चिन्ह असतं, तिथून नेट जोडा आणि नवा टाका.

३. पिन चुकला तर 'ए१बी२सी३ टाका' असं आलंय, व्हायरस हाय का?

व्हायरस नाही, विंडोजच विचारतंय. ओळीनं चुकीचा पिन पडला की लहान पोरं बटणं दाबतायत की खरोखर माणूस टाइप करतोय ते बघायला ते अक्षर टाकायला लावतं. टाका आणि शांतपणे परत प्रयत्न करा. त्यानंतरही चुकत राहिलं तर पिन बंद होतो आणि लॅपटॉप किमान २ तास चालू ठेवा असा मेसेज येतो. चालू म्हणजे चालूच, चार्जरला लावून ठेवा, बंद करून चालू केला की उपयोग होत नाही. दरम्यान 'साइन इन ऑप्शन्स' मधून पासवर्डचं चिन्ह निवडून पासवर्डनं आत जाता आलं तर सगळ्यात बरं. नुसता पिन विसरलाय आणि नेट चालू आहे तर पिनच्या खालीच 'आय फरगॉट माय पिन' असतं, अकाउंटचा पासवर्ड टाकला की नवा पिन करता येतो.

४. माझं अकाउंट मायक्रोसॉफ्टचं आहे का लोकल, हे कसं कळायचं? आणि कळून करायचं काय?

लोकल म्हणजे फक्त त्या लॅपटॉपपुरतं बनवलेलं अकाउंट. लॉगिन स्क्रीनवर नावाखाली ईमेल दिसत असेल तर मायक्रोसॉफ्टचं. नुसतं नाव असेल तर दोन्हीपैकी काहीही असू शकतं, मग आठवून बघा की लॅपटॉप नवीन घेतला तेव्हा दुकानदारानं ईमेल विचारला होता का, कारण बऱ्याचदा त्यानंच घाईत एखादा ईमेल बनवून दिलेला असतो आणि गिऱ्हाइकाला त्याचा पत्ताच नसतो. बिलावर, बॉक्सवर, जुन्या मेसेजमध्ये शोधा.

मायक्रोसॉफ्टचं असेल तर लॅपटॉपला हात पण लावायची गरज नाही. मोबाइलवर अकाउंट डॉट लाइव्ह डॉट कॉम स्लॅश पासवर्ड स्लॅश रिसेट उघडा, ईमेल टाका, ओटीपी घ्या, नवा पासवर्ड करा आणि लॅपटॉप नेटला जोडून तोच टाका. एकही फाइल हलत नाही.

लोकल असेल तर एकदा मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाका, खाली 'रिसेट पासवर्ड' दिसेल. तिथं अकाउंट बनवताना दिलेले ३ सिक्युरिटी प्रश्न येतात, पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव वगैरे. लोक तिथं काहीतरी ठोकून देतात आणि नंतर आठवत नाही. तिन्हीला एकच उत्तर दिलेलं असण्याची शक्यता लई असते, तसं करून बघा.

त्याच लॅपटॉपवर भावाचं किंवा मिस्टरांचं ॲडमिन अकाउंट असेल तर अजून सोपं. त्यातून आत जाऊन कंट्रोल पॅनेल, यूजर अकाउंट्समध्ये तुमच्या लोकल अकाउंटचा पासवर्ड बदलता येतो. मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा असा बदलत नाही, तो वरच्याच रस्त्यानं.

५. ओटीपी जुन्या नंबरवर जातोय, ते सिम तर कधीच बंद झालं, आता?

आधी बघा की दुसरा ईमेल जोडलेला आहे का, पासवर्ड रिसेटच्या पानावर अर्धवट झाकलेला पत्ता दिसतो. नसेल तर मायक्रोसॉफ्टचा रिकव्हरी फॉर्म भरावा लागतो, जुने पासवर्ड, मेल कुणाला पाठवले, सब्जेक्ट काय होते असलं विचारतात. दिवसातून दोनदाच भरता येतो, त्यामुळं घाईत अर्धा भरून वाया घालवू नका. घरी बसून, नेहमीच्याच वायफायवरून आणि नेहमीच्याच मोबाइलवरून भरा. टू स्टेप व्हेरिफिकेशन चालू केलेलं असेल तर मात्र हा फॉर्म उपयोगाचा नाही. आणि सगळी सिक्युरिटी माहिती एकदम बदलायला टाकली तर ३० दिवस थांबावं लागतं. उद्या सबमिशन असेल तर हे परवडणारं नाही, पण दहावीपासूनचे फोटो आत असतील तर महिनाभर थांबलेलं काय वाईट?

६. सगळं करून झालं, आता रिसेटच करायचाय. पासवर्ड नसताना आत कसं जायचं?

लॉगिन स्क्रीनवर खाली पॉवरचं चिन्ह असतं. शिफ्ट दाबून धरा आणि धरूनच रिस्टार्टवर क्लिक करा. निळी स्क्रीन येईल. ट्रबलशूट, मग रिसेट धिस पीसी, मग रिमूव्ह एव्हरीथिंग.

त्यानंतर क्लाउड डाउनलोड का लोकल रीइन्स्टॉल विचारतं. लोकल म्हणजे लॅपटॉपमध्ये आहे त्याच फाइल्स वापरून, क्लाउड म्हणजे नेटवरून नवीन विंडोज आणून. क्लाउडला साधारण ४ जीबी डेटा जातो, मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर सुरू केलात तर मध्येच अडकाल. लॅपटॉप नीट चालत होता, नुसता पासवर्डचाच घोळ आहे तर लोकल पुरतं.

शेवटी 'जस्ट रिमूव्ह माय फाइल्स' का पूर्ण क्लीन, हे विचारतं. स्वतःच वापरणार असाल तर पहिलं. विकायचा असेल, ओएलएक्सवर टाकायचा असेल तर क्लीन, वेळ जास्त लागतो पण डेटा परत काढणं अवघड होतं.

लॉगिन स्क्रीनच येत नसेल तर लॅपटॉप चालू करा, विंडोज लोड व्हायला लागलं की पॉवर बटण दाबून धरून बंद करा. असं दोन-तीन वेळा ओळीनं केलं की रिपेअरची निळी स्क्रीन आपोआप येते. सारखं करायची गोष्ट नाही ही.

७. 'कीप माय फाइल्स' पण दिसतंय की तिथं, मग तेच का नको? फाइली राहतील आणि पासवर्ड जाईल.

हा सगळ्यात जास्त येणारा गैरसमज आहे. कीप माय फाइल्समध्ये तुमच्या फाइलींबरोबर तुमचं अकाउंट पण तसंच राहतं, आणि अकाउंट राहिलं म्हणजे पासवर्ड पण तोच राहतो. शिवाय ते सुरू करतानाच अकाउंट निवडून त्याचा पासवर्ड टाका म्हणतं. म्हणजे पासवर्ड विसरलेल्या माणसासाठी ते नाहीच. सॉफ्टवेअर मात्र सगळी उडतात.

८. माझा डेटा डी ड्राइव्हला आहे, तो वाचतो का?

वाचवता येतो, पण एका स्क्रीनवर लक्ष ठेवा. रिमूव्ह एव्हरीथिंग निवडल्यावर 'फक्त विंडोज असलेला ड्राइव्ह' का 'सगळे ड्राइव्ह' असं विचारतं. पहिलं निवडा. लोक पटापट नेक्स्ट नेक्स्ट करत जातात आणि मग आमच्याकडं येऊन 'डी पण गेला ओ' म्हणतात.

दुसरं म्हणजे डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स हे सी मध्येच असतं. 'मी सी मध्ये काही ठेवत नाही' म्हणणाऱ्याच्या डेस्कटॉपवरच चाळीस फोल्डर असतात.

तिसरं थोडं किचकट आहे. लॅपटॉपला एन्क्रिप्शन (चावीशिवाय डेटा वाचताच येऊ नये असं लॉक) चालू असेल तर डी पण लॉक असतो. सी चालू असेपर्यंत तो आपोआप उघडतो म्हणून कळत नाही, पण सी पुसला की डी स्वतःची वेगळी 'की', म्हणजे लांब आकडी चावी, मागतो. ती कुठं मिळते ते १० मध्ये आहे.

९. पासवर्ड न टाकता आधी डेटा काढून घेता येतो का? मग बिनधास्त रिसेट मारतो.

येतो, एन्क्रिप्शन नसेल तर. पेनड्राइव्हवर उबुंटूसारखं लिनक्स टाकून त्यावरून लॅपटॉप चालू करायचा, इन्स्टॉल नाही करायचं, 'ट्राय' निवडायचं. मग सी ड्राइव्ह उघडून यूजर्स फोल्डरमधून लागेल ते दुसऱ्या हार्ड डिस्कवर कॉपी करायचं. किंवा ड्राइव्ह काढून यूएसबी केसमध्ये घालून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडायचा. काही पातळ लॅपटॉपमध्ये स्टोरेज बोर्डलाच सोल्डर केलेलं असतं, तिथं ड्राइव्ह काढता येत नाही.

हे करायच्या आधी मोबाइलवर वनड्राइव्ह उघडून बघा. नवीन लॅपटॉपमध्ये डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स गुपचूप वनड्राइव्हला जात असतात, फुकटात ५ जीबीच मिळतं पण वर्डच्या फाइलींना तेवढं बास होतं.

१०. रिसेट मारताना ४८ आकडी रिकव्हरी की मागतंय, मी तर असलं काही लावलंच नव्हतं!

तुम्ही नाही लावलं, विंडोजनं लावलं. मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं साइन इन केलं की बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, होम एडिशनमध्ये सुद्धा, आणि २०२४ च्या ऑक्टोबरमधल्या २४एच२ अपडेटपासून नव्यानं टाकलेल्या विंडोज ११ मध्ये तर हे नेहमीचंच झालंय.

की साधारण त्याच अकाउंटमध्ये सेव्ह असते ज्यानं लॅपटॉप पहिल्यांदा सेटअप केला. मोबाइलवर एकेए डॉट एमएस स्लॅश मायरिकव्हरीकी उघडा आणि साइन इन करा. तिथं दोन-तीन की दिसल्या तर गोंधळू नका, लॅपटॉपच्या स्क्रीनवर की आयडी लिहिलेला असतो, त्याची पहिली ८ अक्षरं जिच्याशी जुळतात तीच की. पोराच्या लॅपटॉपची की वडलांच्या अकाउंटला सापडलीय, दुकानदारानं बनवलेल्या ईमेलमध्ये सापडलीय, त्यामुळं घरातल्या सगळ्यांची अकाउंट बघा. कॉलेज किंवा ऑफिसचा ईमेल जोडला असेल तर की त्यांच्या आयटीवाल्याकडं असते.

कीच मिळाली नाही तर डेटा गेला समजा. कुणी 'मी तोडून देतो, पाच हजार द्या' म्हणालं तर नाही म्हणा. लॅपटॉप मात्र वाया जात नाही, पेनड्राइव्हवरून सगळं पुसून नवीन विंडोज टाकता येतं, ते १२ मध्ये.

११. किती वेळ लागतो? आणि मध्येच लाइट गेली तर?

एसएसडी असेल तर एक-दीड तास धरा, जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर अर्धा दिवस पण जातो. टक्के एका जागी अडकल्यासारखे दिसतात, लगेच पॉवर बटण दाबू नका, खालचा लाइट लुकलुकतोय तोपर्यंत काम चालू आहे.

चार्जर लावल्याशिवाय रिसेट सुरूच होत नाही. लाइट गेली तर बॅटरीवर चालू राहील, पण बॅटरी मेलेली असेल आणि लाइट गेली तर विंडोज अर्धवट राहतं, मग पेनड्राइव्हच. म्हणून बॅटरी खराब असेल तर इन्व्हर्टरवरच्या बोर्डला लावा आणि तुमच्या एरियात ज्या दिवशी मेन्टेनन्सला लाइट जाते तो दिवस सोडा. एप्रिल-मे मध्ये दुपारी तर करूच नका, आपल्याकडं ४२-४३ डिग्रीत गादीवर ठेवलेला लॅपटॉप तापून स्वतःच बंद पडतो. रात्री, टेबलावर, फॅनखाली.

१२. 'देअर वॉज अ प्रॉब्लेम रिसेटिंग युअर पीसी' आलं. आता?

लोकल केलं असेल तर क्लाउड करून बघा, क्लाउड केलं असेल तर लोकल. त्या निळ्या स्क्रीनमध्ये वायफाय सापडत नसेल तर लॅनची वायर लावा. तरी नाही झालं तर पेनड्राइव्ह.

८ जीबी किंवा मोठा पेनड्राइव्ह घ्या, त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे. दुसऱ्या विंडोज कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवा, टेलिग्रामवरच्या फाइली नकोत. पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप चालू करताना डेल आणि लेनोवोला एफ१२, एचपीला एस्केप आणि मग एफ९, असुसला एस्केप मारत राहा. एसरला एफ१२ आहे पण ते बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणारी लॅपटॉपची स्वतःची सेटिंग) आधी चालू करावं लागतं.

पार्टिशनच्या यादीपाशी आलात की घाई नको. तिथं सी-डी अशी नावं नसतात, साइज बघून ओळखायचं. ५१२ जीबीचा एसएसडी तिथं ४७६ च्या आसपास दिसतो. पेनड्राइव्ह पण त्याच यादीत असतो.

विंडोज ११ च्या सेटअपमध्ये वायफाय दिसत नाही आणि पुढं जाता येत नाही असं झालं तर अँड्रॉइड फोन केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. तेवढ्यासाठी दुकानात यायची गरज नाही.

१३. रिसेटनंतर विंडोज, ऑफिस परत विकत घ्यायचं का? टॅलीचं काय?

विंडोज नाही. विंडोज ८ पासूनच्या ब्रँडेड लॅपटॉपची की मदरबोर्डच्या चिपमध्येच असते, नेट जोडलं की आपोआप ॲक्टिव्हेट होतं. फक्त एडिशन तीच पाहिजे. आपल्याकडच्या लॅपटॉपवर बहुतेक 'होम सिंगल लँग्वेज' असतं. काही जण फॉरमॅट करताना त्याच्या जागी क्रॅकचं 'प्रो' टाकून देतात आणि गिऱ्हाइकाला वाटतं भारी काम केलं. ओरिजिनल लायसन्स असताना क्रॅक कशाला? दुकानात दिलात तर आधीच सांगा, होम होतं, होमच पाहिजे.

लॅपटॉपबरोबर आलेलं कायमचं ऑफिस मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडलेलं असतं, त्याच अकाउंटनं साइन इन करून परत उतरवा. म्हणजे अकाउंटच हातात नसेल तर ऑफिसही अडकलं, ५ नंबरवर परत जा.

टॅलीचं लायसन्स फॉरमॅटच्या आधी सरेंडर करायचं असतं, पण पासवर्डच नाही तर ते जमत नाही, म्हणून ज्यांच्याकडून घेतलंय त्यांना आधी फोन करा. आणि डेटाचा फोल्डर सी मध्ये असेल तर ९ केल्याशिवाय रिसेट नको. डीएससी (डिजिटल सही) टोकनमध्येच असतं, त्याला काही होत नाही, फक्त ड्रायव्हर परत टाकायचा. चादर-टॉवेलवाल्यांसाठी: डिझाइनच्या सॉफ्टवेअरला डोंगल (ते चालायला लावावी लागणारी यूएसबीची चावी) असेल तर सेटअपची फाइल जपलीय का ते आधी बघा. डोंगल आहे पण सेटअप नाही म्हणून कारखान्यातला डिझाइनर बसून राहिलेला मी बघितलाय.

१४. यूट्यूबवर कमांड प्रॉम्प्टची ट्रिक दाखवतात, लॉगिन स्क्रीनवरच काळी विंडो उघडते. करू का?

नका करू. एन्क्रिप्शन असेल तर ती चालत नाही, विंडोजचा अँटिव्हायरस डिफेंडर पण आता ती पकडतो, आणि चाललीच तर असा जबरदस्तीनं पासवर्ड बदलल्यावर त्या अकाउंटमध्ये साठवलेले ब्राउझरचे पासवर्ड आणि विंडोजनं एन्क्रिप्ट केलेल्या फाइली उघडत नाहीत. दार उघडायच्या नादात तिजोरीची चावीच हरवण्यातला प्रकार आहे तो.

१५. माझ्याकडं विंडोज ७ चा जुना लॅपटॉप आहे, त्यात हे काहीच दिसत नाही.

त्यात रिसेट धिस पीसी नव्हतंच. कंपनीचं रिकव्हरी पार्टिशन शाबूत असेल तर चालू करताना एचपीला एफ११, एसरला ऑल्ट आणि एफ१०, असुसला एफ९, लेनोवोला बाजूचं छोटं नोवो बटण. एकदा जरी कुणी फॉरमॅट केलेलं असेल तर ते पार्टिशन बहुतेक उडालेलं असतं. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला, विंडोज १० चा पण १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. तेव्हा १० वर रिसेट मारणारच असाल तर लॅपटॉप ११ ला चालतो का ते त्याच वेळी बघून घ्या.

१६. मॅकबुक आणि क्रोमबुकचं कसं?

एम सिरीजचा मॅक बंद करून पॉवर बटण दाबूनच धरा, ऑप्शन्स आलं की निवडा, पासवर्ड विचारला तर 'फरगॉट ऑल पासवर्ड्स' घेऊन ॲपल अकाउंटनं आधी प्रयत्न करा. नाहीच तर वरच्या मेन्यूत 'इरेज मॅक' आहे. पण 'फाइंड माय' (हरवलेला मॅक शोधायची सोय) चालू असेल तर पुसल्यावरही ॲक्टिव्हेशन लॉकमध्ये ॲपल अकाउंट मागणारच, ते नसेल तर पुसून उपयोग नाही.

क्रोमबुकचा पासवर्ड म्हणजे गूगलचाच, मोबाइलवरून बदला. पुसायचाच असेल तर लॉगिन स्क्रीनवर कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि आर एकदम.

१७. विंडोज यायच्या आधीच काळ्या स्क्रीनवर पासवर्ड मागतंय, रिसेट केला तरी जात नाही.

तो विंडोजचा नाहीच, बायोसचा आहे. विंडोज कितीही वेळा टाका, तो हलत नाही. मदरबोर्डवरचा गोल सेल काढून ठेवायची युक्ती जुन्या डेस्कटॉपची, आताच्या लॅपटॉपमध्ये तो पासवर्ड चिपमध्ये असतो. बिल घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा. बिल नसेल तर ते हात लावत नाहीत, आणि बरोबरच आहे ते.

१८. वडील वारले, त्यांच्या लॅपटॉपचा पासवर्ड कुणालाच माहीत नाही. फोटो आणि एलआयसीचे कागद आत आहेत.

रिसेटचं नाव काढू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. वडलांचं सिम अजून चालू असेल तर ते बंद करू नका, रिचार्ज मारत राहा, त्यावर ओटीपी येतो आणि बाकीच्या सगळ्या कामांना पण तेच लागतं. मग ४ प्रमाणे जा. त्यांच्या डायरीत, पासबुकाच्या मागच्या पानावर, कॅलेंडरवर बघा, त्या वयाची माणसं पासवर्ड कुठंतरी लिहून ठेवतातच. लोकल अकाउंट निघालं आणि लॅपटॉप जुना असेल तर एन्क्रिप्शन बहुधा नसतं, ९ प्रमाणे सगळं निघतं. पॉलिसीचे कागद मात्र नाही निघाले तरी शाखेत मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद दिले की त्यांच्याकडून माहिती मिळते, ते लॅपटॉपवर अडून नाही.

१९. सेकंडहँड घेतला, रिसेट केला, तरी कुठल्यातरी कंपनीचं नाव येऊन त्यांचाच ईमेल मागतंय.

तो लॅपटॉप कंपनीच्या सिस्टीममध्ये नोंदवलेला आहे. नेट जोडलं की मायक्रोसॉफ्टचा सर्व्हर ओळखतो आणि परत त्यांच्याकडंच पाठवतो, पेनड्राइव्हवरून टाकलं तरी तेच. काढायचं काम फक्त त्या कंपनीचा आयटीवालाच करू शकतो. ज्यानं विकला त्याला गाठा, कंपनीनं भंगारात काढताना नोंद काढायची राहिली असेल तर एका मेलवर होतं. तो टाळाटाळ करायला लागला, बिल दाखवेना, तर पैसे परत मागा आणि लॅपटॉप त्याच्याच टेबलावर ठेवून या. पुढच्या वेळी सेकंडहँड घेताना दुकानातच रिसेट करून, तिथल्याच वायफायला जोडून, तुमच्या ईमेलनं आत जाऊन बघा आणि मगच पैसे द्या.